लूकसाहेबाचं सुतक

मोखाड्याच्या बाजारात वांगी निवडत असली, तरी फागीच्या कंबरेला द्राक्षाची कात्री असतेच. लाल मुठीची, चामड्याच्या म्यानात घातलेली. बाजारात छाटणी नसते हे तिलाही कळतं. पण पट्टा काढून ठेवलेला हवालदार कुणी ओळखेल का, असं ती विचारते आणि वांगीवाली निमूटपणे दोन वांगी जास्त टाकते.

फागी मुकादमीण आहे. नाशिककडच्या एका वाईनवाल्या शेठच्या बागेत ती पाड्यावरच्या बायकांची टोळी घेऊन जाते. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळाभर घरची नागली आणि भात, दसऱ्यानंतर गोडी छाटणी आणि थंडी सरता सरता तोडणी. टोळीत कोण येणार, कोण घरी बसणार, जीपमध्ये पुढच्या सीटवर कोण बसणार, हे सगळं तिनं ठरवायचं. पुढच्या सीटवर ती स्वतःच बसते, त्यामुळे तेवढी एक भानगड कायमची मिटलेली आहे.

मुकादमीण होण्याआधी ती भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. त्या दिवसांबद्दल ती बोलत नाही. बोललीच तर एवढंच, की तिथं भाकरीलाही विटेची चव लागायची. मग शेठनं नवी बाग धरली तेव्हा तिनं आणि पुतळीनं खालच्या अंगाला रोपं लावली. तेव्हा दोघी नव्या नवऱ्या होत्या. आता पुतळीला नातवंडं आहेत, आणि वेलांचे बुंधे मनगटाएवढे झाले आहेत. त्या खालच्या बागेला फागी ‘आमची बाग’ म्हणते. शेठसमोरसुद्धा म्हणते. शेठ दर वेळी जरासा खोकतो.

या वर्षी तोडणीला जीप पोचली, तीच वाईट बातमीत. नितीन, म्हणजे बागेवरचा सुपरवायझर, जव्हारचाच पोरगा. त्यानं फागीला बाजूला घेतलं.

“मावशी, शेठ खालची बाग काढायचं म्हणतोय. वाईन पूर्वीसारखी खपत नाही. तिथं लग्नाचं लॉन करायचंय.”

“लॉन?”

“गवत. त्यावर लग्नं लावायची.”

फागीनं वेलांकडे पाहिलं, मग नितीनकडे. “आन् आमी काय करायचं? अक्षता टाकायच्या?”

“अजून ठरलं नाही. फ्रान्सहून साहेब आलाय. तो चव घेणार, खालची बाग ठेवण्यासारखी आहे का ते शिमग्यानंतर शेठला सांगणार. ठेवायची असली तर एप्रिलात मी खरड छाटणीला फोन करीन. नाही केला तर समजा.”

नाही केला तर काय समजायचं, हे टोळीतल्या प्रत्येकीला कळलं. भट्टीवाल्याचा माणूस शिमगा झाला की पुढच्या हंगामाची उचल घेऊन पाड्यावर चकरा मारायला लागतोच.

तर लूकसाहेब. उंच, लाल नाकाचा, डोक्यावर एक केस नाही. चेहरा असा, की फोटोतसुद्धा हसला नसेल. वाईनच्या शेडमध्ये टाक्यांपुढे तो उभा होता, आणि क्रेट आत नेण्याच्या निमित्तानं अर्धी टोळी दारात घुटमळत होती. त्यानं ग्लास नाकाशी नेला. हुंगला. गोल गोल फिरवला. घोट घेतला, गालात इकडून तिकडे खळबळला आणि शेजारच्या स्टीलच्या बादलीत पचकन थुंकला.

पुतळीच्या हातातलं क्रेट वाकडं झालं.

“थुकला.”

“दिसलं मला.”

“आपल्या बागेची व्हती ती.”

“गप बस. दुसरी घेतोय बघ.”

दुसरीही थुंकला, तिसरीही. बादलीत एवढी वाईन जमली, की पाड्यावरच्या एखाद्या साखरपुड्याचं सहज भागलं असतं.

“गेली बाग,” पुतळी म्हणाली. “चला बायांनो, भट्टीची फडकी धुवायला काढा.”

नितीननं समजावायचा प्रयत्न केला. “अगं मावशी, चव घेणारे थुंकतातच. दिवसभर एवढे घोट घ्यायचे, गिळत बसला तर चढणार नाही का?”

“चढंल म्हणून थुकतो?” फागीनं त्याच्याकडे करुणेनं पाहिलं. शिकलेली पोरं अशी कुणीही काहीही सांगितलं तरी ऐकून घेतात. “आमच्या पाड्यात आजवर चढंल म्हणून कोणी थुकला नाय रं. चढली नाय म्हणून हाणामाऱ्या झाल्या.”

दुपारी सगळे शेडच्या सावलीत जेवायला बसले. शेठनं त्या दिवशी सगळ्यांना मटण दिलं होतं. साहेब पलीकडे एकटा बसून ताकभात खात होता. आल्या दिवशीच्या मटणानं त्याचं पोट बिघडलं होतं, असं नितीननं सांगितलं. फागीनं तेही मनात ठेवून दिलं.

“याच्या देशात तरी पितात का नीट?” तिनं विचारलं.

“तिकडंच तर बोंब आहे,” नितीन म्हणाला. “आजोबा जेवताना बाटली संपवायचे, नातू पाणी पितो. फार तर बिअर. वाईन पडून राहते. शेवटी सरकारच पैसे देतं, वेल उपटून टाका म्हणून.”

“सरकार?”

“हो.”

“आपलं सरकार झाडं लावायला पैसं देतं.”

“देतं ना.”

“आन् ती मरतात.”

“बरीचशी मरतात.”

“आन् त्यांचं सरकार जगलेली उपटायला देतं.”

नितीननं हाडूक चोखण्यात लक्ष घातलं.

“याची पण गेली,” हाडूक बाजूला ठेवून तो म्हणाला. “याच्या आजोबानं लावलेली बाग. बोर्दो म्हणून मुलूख आहे, तिथली. मागच्या थंडीत मशीननं उपटली, ढीग केला आणि जाळली. आता हा दुसऱ्यांच्या बागांचा सल्ला देत फिरतो.”

फागीचा घास हातातच राहिला.

“जाळली?”

“हो.”

“बरोबर कोणी व्हतं?”

“मला काय माहीत मावशी? कोण कशाला असेल?”

फागीनं ताट खाली ठेवलं. तिच्या डोक्यात सगळं सरळ रांगेत येऊन बसलं. तिच्या पाड्यात रिवाज असा, की ज्याच्या घरी माणूस जातं तो डोकं भादरतो, मटण तोंडात घालत नाही, दारू गिळत नाही. चुकून ओठाला लागलीच तर थुंकून टाकतो. पहिला शिमगा येतो तेव्हा मामाकडची माणसं येतात, आपल्या हातानं पहिला द्रोण पाजतात आणि सुतक काढतात. मग तो सगळ्यांत मिसळायला मोकळा. इथं तर सगळ्याच खुणा उघड्या दिसत होत्या. डोकं भादरलेलं, ताकभात, आणि ती बादली.

“टक्कल आहे ते, मावशी!” नितीन कळवळून म्हणाला.

“तूच बोलतोस टक्कल. एक वरीस झालं, कोणी सुतक काढाय गेलं नाय. बिचारा देशोदेशी फिरतोय, तोंडात घेतोय आन् गिळता येत नाय.” मग तिचा आवाज खाली आला. “आन् सुतकातल्या माणसाला चव लागंल का? त्याच्या जिभंवर राख असते. आसल्या माणसाकडून शेठ आमच्या बागेचा न्याय करून घेतोय!”

पुतळी नेहमी फागीच्या उलट बोलते. पण भट्टीचं नाव निघाल्यापासून तिचीही हिंमत खचली होती. ती म्हणाली, “मग शिमग्याला आण त्याला घरी. काढून टाकू.”

नितीननं लूकसाहेबाला एवढंच सांगितलं, की मोखाड्याकडे होळीचा मोठा सण असतो, बायकांनी बोलावलंय. साहेब म्हणे खूश झाला. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

पाड्यावर मात्र भलताच पेच पडला. जिव्या भगतानं सरळ नकार दिला.

“माणसाचं सुतक असतं. झाडाचं कसाला? उद्या कोणी भेंडीचं रोप मेलं म्हणून बोलवंल.”

“तुझ्या दारचा आंबा वादळात पडला तवा तू दोन दिस जेवला नव्हतास,” फागी म्हणाली.

“ताप व्हता मला.”

“आंब्याच्या बुंध्याला मिठी मारून ताप उतरतो व्हय?”

जिव्यानं विषय बदलला. “बरं, मामा कोण? मामाकडचा माणूस नसंल तर देव ऐकायचा नाय.”

हा मुद्दा खरा होता. लूकसाहेबाचा मामा कुठून आणायचा? फागीनं अंगणात सगळीकडे नजर फिरवली आणि ती नवऱ्यावर येऊन थांबली. वामन कोपऱ्यात टोपली विणत होता. फागीशी लग्न झाल्यापासून त्याला बोलायची फारशी गरज पडलेली नव्हती, आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं.

“हा मामा,” फागी म्हणाली.

वामननं वर पाहिलं. “कोणाचा?”

“फ्रान्सवाल्याचा.”

वामननं हातातली बांबूची कामटी सरळ केली आणि विचारलं, “त्याची आई माझी थोरली का धाकटी?”

यावर पाड्यात पाऊण तास चर्चा झाली. साहेबाचं वय बघता थोरली ठरली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. वाटेत शिरपामाळावर उतरून साहेबानं वाऱ्यात उभं राहून फोटो काढले होते, त्यामुळे नाक आणखी लाल झालं होतं. त्याला वाटलं होतं नाच असेल, रंग असेल. अंगणात पाहतो तर सगळा पाडा जमिनीवर बसलेला, कोणी बोलत नाही, कोणी हसत नाही. त्याच्यासाठी मधोमध घोंगडी. समोर तांदळाची रास. तो घोंगडीवर बसला आणि नितीनकडे बघून त्यानं भुवया उंचावल्या.

“स्वागत आहे म्हणून सांगितलंय मी,” नितीन फागीच्या कानाशी पुटपुटला.

“त्याला विचार, गेलेल्याची काय वस्तू जवळ हाय का?”

“गेलेल्याची?”

“बागेची रं.”

नितीननं काय विचारलं कोण जाणे, पण साहेबानं खिशात हात घातला आणि बाटलीचं बूच काढायचा एक जुना स्क्रू बाहेर काढला. मूठ काळपट लाकडाची, वळलेली, हातानं गुळगुळीत झालेली. वेलाचीच होती. फागीनं ती हातात घेतली. बोटाखाली गाठी लागल्या. छाटणीच्या होत्या त्या, कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच जागी छाटलेल्या. तिनं ती तांदळावर ठेवली.

मग पुतळीनं तोंडाला पदर लावला.

पुतळीचं रडणं मोखाडा तालुक्यात नावाजलेलं आहे. लांबलांबचे लोक मयताला तिला मुद्दाम जीप पाठवतात. तिनं पहिला सूर काढला तशी झाडावरची पाखरं उडाली.

“आगं माझी द्राक्षाची बाय गं! आजाच्या हातची तू गं! कसं उपटलं तुला मशीननं गं! तुझं पाणी कोण पिईल गं, नातू पितोय बिअर गं!”

मागून सगळ्या बायकांनी धरलं. लूकसाहेब घोंगडीवर जागच्या जागी ताठ झाला. त्यानं नितीनचा हात गच्च पकडला आणि काहीतरी विचारलं.

“काय बोलतो?” फागीनं विचारलं.

“विचारतोय, कोण वारलं,” नितीन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. “आता काय सांगू मी?”

“खरं सांग. रडताना खोटं बोलू नये.”

नितीननं सांगितलं. बराच वेळ सांगितलं. हातवारे करून, मुठीकडे बोट दाखवून, मध्ये स्वतःचं डोकं भादरल्याचा अभिनय करून. साहेबानं टकलावरून हात फिरवला. त्याचा चेहरा हलायला लागला. सगळ्यांना वाटलं आता रागावतो. पण त्याच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. ते हसू होतं. खूप दिवस न वापरलेल्या पंपासारखं आधी नुसतंच खरखरलं, मग आलं, आणि आलं ते थांबेना. हसता हसता त्यानं रुमाल काढला, आणि रुमालामागे ते हसू कधी दुसरंच काही झालं, हे पुतळीच्याही ध्यानात आलं नाही. तिनं आपला सूर हळूच खाली आणला.

मग तो नितीनशी थोडंसं बोलला.

“म्हणतो, मशीन आलं त्या दिवशी गावातलं कोणी बाहेर आलं नाही,” नितीन म्हणाला. “सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. प्रत्येकाला भीती, पुढचा नंबर आपला. त्यानं एकट्यानंच बघितलं.”

जिव्या भगतानं नाक ओढलं. “आंब्याच्या वेळंला माझ्याकडं तरी सगळी आली व्हती,” तो हळूच म्हणाला आणि उठून पूजेला लागला.

मग आला मुख्य प्रसंग. वामननं पळसाच्या पानाच्या द्रोणात घरची मोहाची ओतली. पहिल्या धारेची. चार थेंब जमिनीवर सोडले, आणि दोन्ही हातांनी द्रोण पुढे केला. आपण मामा आहोत, काहीतरी बोललं पाहिजे, हे त्याच्या लक्षात आलं. तरुणपणी ठाण्याला बांधकामावर असताना तो जी हिंदी शिकला होता, ती त्यानं बाहेर काढली.

“भांजे, टेन्शन मत ले. पी.”

साहेबानं द्रोण घेतला. आणि जन्माची सवय ती. त्यानं तो नाकाशी नेला. हुंगला. गोल फिरवायला गेला, तर थोडी मनगटावर सांडली. मग घोट घेतला आणि गालात खळबळायला लागला. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

सगळा पाडा श्वास धरून बघत होता. साहेबाचे डोळे मोठे झाले. पाण्यानं भरले. आणि मग फागीच्या लक्षात आलं. त्याची नजर अंगणभर फिरायला लागली होती. पडवीपाशी, चुलीपाशी, गोठ्यापाशी. तो बादली शोधत होता.

फागी उभी राहिली. कंबरेची कात्री खणकली.

“गीळ!”

हे नितीनला भाषांतर करावं लागलं नाही. साहेबानं फागीकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं आणि गिळलं. घसा वर गेला, खाली आला. नाक लाल होतंच, आता कानही झाले. मग त्यानं खोल श्वास सोडला आणि रिकामा द्रोण वामनपुढे धरला. आणखी पाहिजे म्हणून.

पाड्यानं असा काही गलका केला, की मोखाड्याला जाणारी एक जीप काय झालं बघायला थांबली.

दुपारी साहेबानं कोंबडी खाल्ली. रंगात न्हाला. वामननं त्याला भाच्याच्या हक्कानं टोपली विणायला बसवलं आणि दोनदा हातावर चापटी मारली. निघताना फागीनं नितीनला गाठलं. “विचार ना, बागेचं काय?”

साहेबानं बराच वेळ उत्तर दिलं. नितीननं ते आखडून सांगितलं. “म्हणतो, बाग चांगली आहे, पण वाईन खपत नाही हे खरं आहे. खोटं सांगणार नाही. विचार करतो.”

“आता तरी चव लागली ना?”

“ते विचारू का?”

“नको,” फागी म्हणाली.

शिमगा सरला. भट्टीवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. पुतळीनं भट्टीची फडकी खरंच धुऊन वाळत घातली, आणि फागीनं रोज सकाळी त्यांच्याकडे पाठ करून चहा प्यायला. टेकडीवर जिथं फोनला पक्की रेंज येते तिथं ती लाकडं गोळा करायला जायची. एवढी लाकडं जमली, की चुलीला दोन पावसाळे पुरली असती.

एप्रिलात नितीनचा फोन आला.

“मावशी, जीप सांगा. खरड छाटणीला या.”

“खालच्या बागेला?”

“खालच्याच. साहेबानं शेठला लिहून दिलं, वेल अजिबात उपटू नका. फक्त आता वाईन नाही करायची. बिनदारूचा रस करायचा. त्याच्याकडची तरुण पोरं तेच पितात म्हणे, आपली पण पितील. शेठला पटलं. लॉनचं रद्द.”

फागीच्या डोळ्यांपुढून भट्टी गेली. ती तिथंच दगडावर बसली. मग तिला शेवटचं वाक्य नीट कळलं.

“बिनदारूचा?”

“हो.”

“म्हणजे सरबत?”

“तसंच समजा.”

“एवढं सुतक काढलं, आन् सरबत?” पण हे तिनं फोन बंद झाल्यावर म्हटलं. पाड्यावर येऊन तिनं पहिलं काम केलं ते पुतळीची फडकी दोरीवरून ओढून काढायचं.

पुढच्या तोडणीला टोळी पुन्हा तीच, बाग तीच. शेडमध्ये मात्र बाटल्यांवर हसऱ्या द्राक्षाचं चित्र आलं होतं, लहान मुलांनाही चालेल असं. फागीनं एक बाटली पाड्यावर नेली तेव्हा वामननं चव घेऊन विचारलं होतं, “ताप आल्यावर द्यायचं का हे?” वामनला आता पाड्यावर सगळे मामाच म्हणतात. फागीसुद्धा. त्यालाही ते आवडतं. भाच्याचा विषय निघाला की तो आपण होऊन बोलतो.

आणि एका सकाळी लूकसाहेब आला. फागीला बघून दोन्ही हात जोडले, ‘मामा?’ असं विचारलं, आणि मग टाक्यांपुढे उभा राहिला. दारात अर्धी टोळी क्रेट घेऊन घुटमळत होती. साहेबानं रसाचा ग्लास नाकाशी नेला. हुंगला. गोल फिरवला. घोट घेतला, गालात खळबळला.

आणि बादलीत पचकन थुंकला.

पुतळीनं सावकाश क्रेट खाली ठेवलं.

“सरबतसुद्धा?”

“मावशी, ती पद्धत आहे!” नितीन पलीकडून ओरडला. “दारू असो नसो, थुंकायचं असतं! मागच्या वर्षी सांगितलं होतं ना!”

फागीनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं साहेबाच्या डोक्याकडे पाहिलं. एकही केस उगवला नव्हता. मग तिनं कंबरेच्या पिशवीतून फोन काढला आणि पाड्यावर लावला.

“मामा? मोह ठेवलाय का शिल्लक? भाच्याकडं परत कोणीतरी गेलंय.”